खालून येणारा उजेड

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, महापेला कामावर निघताना, शिरवण्यातल्या घराच्या जिन्यात तू कोसळलास. दवाखान्यात पोचण्याआधीच तू गेला होतास. कागदावर कारण हृदयविकार असं लिहिलं गेलं.

ऑफिसात बातमी दहा वाजून पाच मिनिटांनी आली. आपल्या गेमचं सगळं वेळापत्रक सांभाळणाऱ्या संदेशला फोन आला आणि त्याने उभ्याउभ्याच सगळ्यांना सांगितलं. मी पंधरा वर्षं वर्तमानपत्रात काढली आहेत. एकाच्या सांगण्यावर बातमी धरायची नाही, दुसरीकडून खात्री करायची, ही सवय जात नाही. मी खात्री करायला फोन उचलला आणि नंबर लावला तो तुझाच. चार वेळा वाजल्यावर तुझ्या आईने उचलला. "हरेश नाय हाय," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दोन ठिकाणांहून खात्री झाली होती.

हे ऐकून तू हसला असतास. "रिपोर्टर, तू स्वतःच्या लग्नात पन दोघांना विचारून घेतलं असशील, खरंच लागतंय का म्हनून," असं तू एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होतास. सहा वर्षांत तू मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही.

तू गेलास तेव्हा तुझ्या स्क्रीनवर ते शहर उघडंच होतं. आपण दोघं दीड वर्ष ज्याच्यावर भांडत होतो ते. दोनशे वर्षांनंतरची खाडी, पाणी चढलेलं, आणि पाण्यावर खांबांवर उभं असलेलं शहर. त्याची माहिती लिहिणं हे माझं काम. लोक काय खातात, वीज कुठून येते, पूल किती उंच, वारा कुठून वाहतो, हे सगळं मी एका फाइलमध्ये लिहून ठेवते. फाइल असली तरी सगळे तिला वही म्हणतात. वहीत जे आहे ते चित्रात आलं पाहिजे आणि वहीत नाही ते चित्रात येता कामा नये. चूक दिसली की शेऱ्यांच्या तक्त्यात ओळ लिहायची. ज्या चित्रापुढे "चूक" असा लाल शेरा आहे ते ऑफिसच्या बाहेर जात नाही. हा नियम मीच आणला होता. तो सगळ्यात जास्त तुलाच लागू झाला.

तुझं काम उजेड लावण्याचं. शिरवण्यात तुला लाइटवाला म्हणायचे. हळदीचा मांडव असला की पोरं तुला बोलवायला यायची आणि तू सांगून सांगून थकलास की तू ते लाइटवाले नाहीस. तुझी आई शेजारणींना सांगायच्या, "आमचा हरेश कांपुटरवर लाइटी लावतो." हे तुझ्या कामाचं मी ऐकलेलं सगळ्यात अचूक वर्णन आहे.

पहिल्या आठवड्यात तू मला ऑफिसच्या गच्चीवर नेलंस. हातात उकडलेलं अंडं आणि स्टीलची वाटी. मला वाटलं डबा आहे. तू वाटी कठड्यावर पालथी घातलीस आणि शेजारी अंडं ठेवलंस. वाटीत आजूबाजूचं आकाश, टाकी, समोरची इमारत, आपण दोघं, सगळं दिसत होतं. उजेड कुठून कुठून येतो ते वाटी सांगते, असं तू म्हणालास, आणि तो उजेड वस्तूवर कसा बसतो ते अंडं सांगतं. "मोठे ष्टुडिओवाले त्यासाठी गोळे विकत घेतात. आमचं अंडं बरं. काम झालं की खाता येतं."

मग तू मला अंड्याची सावलीकडची बाजू बघायला लावलीस. मी म्हटलं, काळपट आहे. तू म्हणालास, नीट बघ. मी नीट बघितलं. वरच्या बाजूला निळसर होती, ती आकाशाची. खाली कडेला पिवळट होती, ती कठड्यावर पडलेल्या उन्हाची. मधला पट्टा यातल्या कुठल्याच रंगाचा नव्हता. मी आयुष्यात हजारो अंडी पाहिली होती आणि त्यांच्या सावलीत तीन रंग असतात हे मला माहीत नव्हतं. नंतर तू ते अंडं सोलून खाल्लंस. मला विचारलंही नाहीस.

तेव्हापासून मी नेरूळच्या रस्त्यावरून चालताना इमारतींच्या सावलीकडच्या भिंती बघते. ही सवय तुझी. ती परत करायची सोय नाही.

शहराच्या मुख्य चित्राची वेळ आली तेव्हा तू आधी तळहाताएवढी बारा चित्रं केलीस. शहर तेच, खांब तेच, उजेड बारा. पहाट, ढगाळ, पावसाआधीचं, संध्याकाळ, रात्र. तीही आधी फक्त राखाडीत. रंग दिला की लोक रंगाला भुलतात, उजेड बघत नाहीत, हे तुझं म्हणणं. बाराही चित्रं भिंतीवर चिकटवली आणि सगळ्यांना बोलावलं. संदेशने एका मिनिटात रात्रीवर बोट ठेवलं.

"भाई, सायफाय आहे ना? मग निऑन पाहिजे. जांभळं, निळं, ओला रस्ता. दुपारचं ऊन कोण बघणार? दुपारी लोक एसीत पळतात."

"रात्रीत काय पन खपतं," तू म्हणालास. "निम्मं शहर काळोखात घातलं की ते काढायला लागत नाय. आनि हे बघ, वाशीच्या मॉलबाहेरची पार्किंग दिसतेय."

"लोकांना आवडते पार्किंग."

"मग त्यांना पार्किंगमधे सोडून ये."

मी ढगाळ चित्राच्या बाजूने होते. आपला हा वाद सगळ्यात लांबला आणि तो अजून संपलेला नाही, म्हणून तो इथे नीट लिहिते. माझं म्हणणं होतं की हे बुडालेलं शहर आहे. खाली गावं गेली, शेतं गेली. ते बघून बघणाऱ्याला खिन्न वाटलं पाहिजे. करडा, सपाट उजेड, सावली नाही. तू जेवता जेवता ऐकून घेतलंस. मग डबा बंद केलास.

"तू कुठं राहतेस?"

"नेरूळला. तुला माहीत आहे."

"तुझ्या हॉलमधे आमच्या आजाचा बांध होता. किचनमधे शेत. आमच्या शेतावर सेक्टर बसला, रिपोर्टर. मग आमी काय रोज करडे दिसतो का? हळदीला डीजे लावतो. गटारीला कोंबरी कापतो. भांडतो. बुडलेल्या गावात पन लोकं जेवतात. मूड लोकांचा असतो, पान्याचा नसतो."

मी म्हटलं की हे भाषण झालं, मुद्दा नाही. तू म्हणालास, मुद्दा चित्रात येईल.

तू निवडलेला उजेड बारापैकी कुठलाच नव्हता. तू तेरावं चित्र केलंस. सकाळचे अकरा, आकाश मोकळं, सूर्य जवळजवळ डोक्यावर. आणि तरी शहराचा बराचसा उजेड खालून येत होता. पुलांची पोटं उजळ, खांबांचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उजळ, खालच्या पुलावरून चालणाऱ्या बायकांच्या हनुवट्या, नाकपुड्या, भुवयांखालची खोबण, सगळं उजळ. त्या बायकांनी हनुवटीखालून, गळ्यावरून कापड बांधलेलं होतं. खालून येणाऱ्या या उजेडाचा थर, म्हणजे लेअर, तू वेगळा ठेवला होतास आणि त्याला नाव दिलं होतंस "मीठ".

मी तक्त्यात दोन ओळी लिहिल्या. चौदावी: "प्रकाशाची दिशा चूक. सूर्य वर आहे, चेहरे खालून उजळले आहेत." पंधरावी: "हनुवटीखाली कापड कशासाठी? वहीत आधार नाही."

तू माझ्या टेबलाशी आलास. "वही तू लिहिलीस ना? पान चाळीस काढ."

पान चाळीसवर मीच लिहिलं होतं की शहराची वीज मिठात साठवतात आणि त्यासाठी शहराखाली, भरतीच्या रेषेपर्यंत, मिठागरं पसरलेली आहेत. मी म्हटलं, ठीक, थोडा उजेड खालून येईल, गच्चीवरच्या अंड्यासारखा. पण एवढा नाही. भुतांच्या सिनेमात टॉर्च हनुवटीखाली धरतात तसं दिसतंय.

"किती येईल मग?"

"मला माहीत नाही. पण एवढा नाही."

"मिठागरावर गेलीस कधी?"

"नाही."

"माझी आय सतरा वर्षं मिठावर होती. उरनला मामाचं मिठागर अजून हाय. चल, अकरा वाजता उभी राहा आनि आयच्या हनवटीकडं बघ. मग बोल."

मी म्हटलं, फोटो पाठव. तू म्हणालास, फोटोत येत नाही, कॅमेरा दचकतो आणि सगळं काळं करतो. मी म्हटलं, मग व्हिडिओ पाठव. तू तुझ्या जागेवर परत गेलास. पंधरा वर्षं मी नव्या बातमीदारांना एकच गोष्ट सांगितली होती, की जागेवर जाऊन लिहा. त्या वर्षांत मी एका बातमीसाठी आठ तास एसटीने गेले आहे. नेरूळहून उरण त्यामानाने किती लांब आहे ते इथे लिहायची गरज नाही.

तू तीन वेळा विचारलंस. पहिल्यांदा काम होतं. दुसऱ्यांदा कंटाळा होता, पण मी काम सांगितलं. तिसऱ्यांदा तो सोमवार होता, तू जाण्याच्या आदल्या दिवशीचा. महापेच्या टपरीवर आपण चहा घेत होतो. सहा वाजले असतील. समोरच्या काचेच्या इमारतीवरून मावळतीचं ऊन उलटून आपल्यावर पडत होतं आणि तुझी सावली चुकीच्या बाजूला पडली होती. तू ती मला दाखवलीस.

"परवा, बुधवारी, मामा मीठ ओढनार हाय. चल."

"बघू."

"बघू म्हंजे नाय."

"बघू म्हणजे बघू, हरेश."

तू ग्लास ठेवलास. "तो शेरा काढू नकोस हं तोवर. मना खोटी सही नको. बघ आनि मग काढ." नंतर तू बाइकवर बसून गेलास. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. मी ते त्याच दिवशी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे शब्द थोडे इकडेतिकडे असू शकतात. "बघू" नक्की.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी संदेश माझ्याकडे आला. तो चांगला माणूस आहे, तुला माहीत आहे. त्या दिवशी तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"क्लायंटने दोन आठवडे दिलेत. सत्तावीसला चित्र जायलाच पाहिजे. रात्रीवालं टीमने पूर्ण करून ठेवलंय, रेडी आहे, त्यांनी पण तेच पसंत केलेलं. हरेशवालं तुझ्या शेऱ्यावर अडकलंय."

"मला माहीत आहे."

"तू म्हणालीस तर मी त्यांच्याशी भांडतो. पण ओळ लाल असताना मी काय भांडू? नियम तुझाच आहे, यार."

शेरा काढणं सोपं होतं. एक क्लिक. तुझ्या आठवणीसाठी म्हणून कुणीही समजून घेतलं असतं. संदेशला तेच हवं होतं, असं मला वाटतं. पण तू खोटी सही नको म्हणाला होतास, आणि जे मी पाहिलेलं नाही ते खरं आहे असं मी लिहिलं असतं तर ती खोटी सहीच होती. ओळ लाल राहिली. तुझं चित्र आणि ते रात्रीचं चित्र यांच्यामध्ये आता फक्त मी उभी होते आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं.

तेराव्याला मी शिरवण्याला आले. गल्लीत दोन्ही बाजूंना चार मजली घरं, मध्ये जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. तुझ्या घराच्या जिन्यावर कुणीतरी नवा बल्ब लावला आहे. तो पिवळा आहे. तुला चालला नसता. तुझी आई आतल्या खोलीत होत्या. मी बसले. मग त्यांनी विचारलं, "तू रिपोर्टर ना गो?"

"हो."

"त्यानं सांगितलेला, बुधवारी रिपोर्टरला मिठावर आनतो. मी मासे सांगून ठेवलेले. तो बुधवार आलाच नाय."

मी सांगितलं की मी येते असं म्हटलं नव्हतं.

"तो बोलला येल. तो बोलला, ती बघू बोलते आनि मग येते."

हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "गुरवारी मी भावाकडं जाते. घरात बसून काय करू? चल तू पन."

गुरुवारी सकाळी आम्ही बसने उरणच्या बाजूला गेलो. वाटेत कंटेनरच्या रांगा होत्या. तुझी आई खिडकीपाशी बसून मला दाखवत होत्या, हितं मीठ होतं, हितं पन मीठ होतं, आता गोदाम हाय. मी ऑफिसातल्या तुझ्या खणातून वाटी आणली होती. अंडं घरी उकडून घेतलं होतं.

बांधावरून उतरण्याआधी त्या थांबल्या. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, बोटावर घेतलं आणि स्वतःच्या हनुवटीखाली, गळ्यावर चोळलं. मग एक जुनं सुती कापड हनुवटीखालून घेऊन कानांमागे बांधलं. दुसरं मला दिलं.

"हे कशाला?" मी विचारलं. तक्त्यातली पंधरावी ओळ मी मोठ्याने वाचल्यासारखं झालं.

"वरचा ऊन डोईला लागतो. त्याला पदर हाय. खालचा हनवटीला लागतो. त्याला काय? नवीन पोरी हसायच्या. संध्याकाळी गला सोलला का रडायच्या. बांध."

मी बांधलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही मिठाच्या मधोमध होतो. दोन्ही बाजूंना पांढरे चौकोन. काहींत अजून बोटभर पाणी, काहींत मीठ वर आलेलं. तुझे मामा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ कडेला ओढत होते. मी आधी खाली बघितलं आणि डोळे मिटावे लागले. मग तुझ्या आईकडे बघितलं.

त्यांच्या कपाळावर पदराची सावली होती. त्या सावलीखाली सगळा चेहरा उजळ होता. भुवयांखालची खोबण, नाकाची खालची कड, वरच्या ओठावरचे बारीक केस. कापडाच्या कडेला गळ्यावरची एक सुरकुती, आतपर्यंत दिसत होती. भुतासारखं मुळीच नव्हतं. टॉर्चचा उजेड एका ठिपक्यातून येतो, म्हणून त्यात माणूस भेसूर दिसतो. हा एकरभर जमिनीतून येत होता, सगळीकडून, सारखा. पाण्याच्या चौकोनांवरून आलेला थोडा हलत होता. तुझ्या चित्रातही तो काही ठिकाणी हलल्यासारखा आहे. ते मी ब्रशचं निसटणं समजले होते.

मी वाटी बांधावर पालथी घातली आणि शेजारी अंडं ठेवलं. अंड्याला सावली जवळजवळ नव्हतीच. होती ती उन्हाच्या उलट बाजूला, मधोमध, दोन्ही उजेड जिथे कमी पडत होते तिथे, बारीक पट्ट्यासारखी.

"ह्यो काय?" तुझ्या आईने विचारलं.

"उजेड बघायला. हरेश असंच बघायचा."

त्यांनी वाकून बघितलं. अंड्याकडे, मग वाटीत. वाटीत आम्ही दोघी होतो, कापडं बांधलेल्या, आणि खाली सगळं पांढरं.

"बघून झाला?"

"झाला."

"मग खा. तो खायचा ना."

अंडं त्यांनीच सोललं. अर्धं मला दिलं. जवळच्या राशीतून चिमूटभर मीठ घेऊन दोन्ही अर्ध्यांवर भुरभुरलं. खरखरीत होतं. दाताखाली आलं. आम्ही उभ्यानेच खाल्लं. दुपारी मामांच्या घरी जेवायला मासे होते.

मूडचा वाद मी सोडलेला नाही, हेही सांगते. बुडालेलं शहर बघून खिन्न वाटावं असं मला अजूनही वाटतं. तुझ्या चित्रात ते वाटत नाही. तिथे बायका कामावर निघाल्या आहेत. गुरुवारी तुझी आई दिवसभरात दोनदा रडल्या, एकदा बसमध्ये आणि एकदा जेवताना, आणि मिठावर एकदाही नाही. यावरून काय सिद्ध होतं ते मला ठरवता आलेलं नाही. तू असतास तर दहा मिनिटांत ठरवलं असतंस आणि मी खोडून काढलं असतं.

वर्तमानपत्रात दुरुस्ती छापतात ती आतल्या पानावर, बारीक टाइपात. आपल्या तक्त्यात तशी सोय नाही, सगळ्या ओळी सारख्याच असतात. शुक्रवारी दुपारी मी चौदाव्या ओळीपुढचा शेरा काढून लिहिलं: "दिशा बरोबर. प्रमाणही बरोबर. मूळ शेरा माझी चूक. पाहिलं: उरण, गुरुवार, सकाळी अकरा वीस." पंधराव्या ओळीपुढे लिहिलं: "खालच्या उन्हासाठी. माहिती: हरेशची आई, सतरा वर्षं मिठागरात." वहीच्या पान चाळीसमध्ये कापडाचा आणि तेलाचा परिच्छेद घातला.

संदेशने दोन्ही ओळी वाचल्या. "तेल पण?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने क्लायंटला फोन लावला आणि काचेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो अठरा मिनिटांनी बाहेर आला. "पाठव म्हणालेत. बघतो म्हणाले, बाकी काही नाही."

तुझं चित्र पाच वाजून बावन्न मिनिटांनी गेलं. "मीठ" लेअर चालू होता. पोचल्याचा निरोप पाच चौपन्नला आला.